दांत पडतात ते वयानें कीं अनास्थेनें?

म्हातारपणीं दांत पडावयाचेच, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. दांतांच्या मुळाशीं कीट सांचून हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येतें व अखेर आधार सुटून दांत हलतो. हा दोष केवळ वयाचा नसून मुख्यतः अनास्थेचा होय. मिश्रीनें तर ही हानि अधिकच वाढते. सरकारनें २०२४ सालीं ७० वर्षांवरील वृद्धांस दरसाल ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचें संरक्षण दिलें, हें योग्यच झालें. पण तें रुग्णालयांत दाखल होणारांसाठीं, आणि हिरड्या सुजल्या म्हणून कोणी दाखल होत नाहीं! सबब तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांतच वृद्धांच्या दांतांची सफाई नेमानें व विनामूल्य झाली पाहिजे, आणि मुलासुनांनीं वडीलमाणसांची मिश्री सोडविली पाहिजे. गरिबास भाकरी चावतां येणें ही कांहीं चैन नव्हे.