नाव त्यांचं, चाल कोणाची?

'गामा रे म्हणजे हॅलोवीनची झेरॉक्स.' मेटल ऐकणारा कोणी भेटला आणि गप्पा जर्मनीपर्यंत पोचल्या, की हे वाक्य हमखास येतंच. जरा मोठ्या मनाचा माणूस असेल तर 'चांगली झेरॉक्स' म्हणतो. मला हे साफ अमान्य आहे. का, ते एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे दर वेळी घसा कोरडा करायला नको.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात इतिहास. १९८४ साली हॅम्बुर्गमध्ये चार पोरांनी हॅलोवीन हा बँड काढला: काई हान्सेन आणि मिखाएल वाइकाथ गिटारवर, मार्कुस ग्रॉसकॉफ बेसवर आणि इंगो श्विख्टेनबर्ग ड्रम्सवर. १९८५ चा 'वॉल्स ऑफ जेरिको' हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम. गायला हान्सेन स्वतःच. मग मिखाएल किस्के नावाचा उंच पट्टीचा गायक आला आणि १९८७ व १९८८ मध्ये 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चे दोन भाग निघाले.

यात नवीन काय होतं? स्पीड मेटल म्हणजे नुसता वेग, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण या पोरांनी खाली दोन्ही पायांनी बास ड्रम बदडत ठेवला आणि वर चाल अशी ठेवली की बाथरूममध्येसुद्धा गुणगुणता यावी. दोन गिटारी एकच सुरावट वेगवेगळ्या स्वरांवरून जोडीने वाजवणार, कोरस सगळ्या गर्दीने गावा असा, आणि अल्बममध्ये एखादं दहा-बारा मिनिटांचं महाकाय गाणं. जोडगिटारी आयर्न मेडन आणि जूडास प्रीस्टकडून आल्या होत्या हे खरंच, पण ही भट्टी यांची. पुढे युरोपात पॉवर मेटलचं जे पीक आलं, त्यातलं बरंचसं याच बियाण्याचं.

आणि मग, ऐन भरात, हान्सेन बाहेर पडला. १९८९ मध्ये त्याने गामा रे सुरू केला.

आता पुढची चार-पाच वर्षं दोन्हीकडे काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघा. हॅलोवीन हे नाव ज्यांच्याकडे राहिलं, त्यांनी १९९१ ला 'पिंक बबल्स गो एप' आणि १९९३ ला 'कमेलियन' काढला. दुसऱ्यात तर ब्रास आहे, बॅलड्स आहेत, सगळं आहे, फक्त हॅलोवीन नाही. प्रयोग करायचा त्यांना पूर्ण हक्क होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या काळात ती जुनी भट्टी पेटती कोणी ठेवली? १९९० च्या 'हेडिंग फॉर टुमॉरो'चं चौदा मिनिटांचं शीर्षकगीत ऐका आणि सांगा. गामा रेही मध्ये चाचपडला, 'साय नो मोअर' मला अजून तितकासा रुचत नाही. पण दिशा सोडली नाही.

'पण तेच तर वाजवतात, मग नक्कलच ना?' अहो, 'फ्यूचर वर्ल्ड' आणि 'आय वाँट आउट' ही हॅलोवीनची गाणी लिहिली कोणी? हान्सेननेच. माणूस स्वतःच्या हस्ताक्षरात लिहितो, त्याला नक्कल म्हणत नाहीत.

खरा दुटप्पीपणा पुढेच आहे. १९९३ मध्ये किस्केला काढलं, इंगोही आजारपणामुळे बाहेर गेला. १९९४ ला अँडी डेरिस हा नवा गायक घेऊन 'मास्टर ऑफ द रिंग्ज' आला. सुंदर अल्बम, वादच नाही. पण मूळ चौघांपैकी उरले होते दोन. तरी तो 'अस्सल', कारण पाटी तीच. आणि ज्याने पाटीखालचा अर्धा माल घडवला, तो मात्र झेरॉक्स! डेरिस वारस होऊ शकतो, तर हान्सेन का नाही?

१९९५ साली इंगोने आत्महत्या केली. त्याच वर्षी गामा रेचा 'लँड ऑफ द फ्री' आला. हान्सेन पुन्हा स्वतः गायला लागला होता. त्यातलं 'आफ्टरलाइफ' इंगोच्या आठवणीतलं, आणि 'टाइम टू ब्रेक फ्री' गायलाय किस्के. म्हणजे जुन्या घरातून काढलेला गायक आणि जग सोडून गेलेला ड्रमर, दोघांनाही या 'झेरॉक्स'मध्ये जागा मिळाली. वारसा याहून वेगळा काय असतो?

आपल्या धंद्यातल्या लोकांना तर हे समजायला हवं. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी लिबरऑफिस काढलं. नाव जुन्यांकडे राहिलं, पण काम पुढे गेलं ते फोर्कमध्ये. फोर्क केला म्हणून आपण कोणाला चोर म्हणत नाही, कमिट्स बघतो. ट्रेडमार्क कोणाचा हा वकिलांचा प्रश्न आहे, ऐकणाऱ्यांचा नाही.

'मग शेवटी परत गेलाच ना तो?' हो, गेला. २०१६ मध्ये हान्सेन आणि किस्के हॅलोवीनमध्ये परतल्याचं जाहीर झालं, डेरिसही राहिला, २०१७ पासून तिघे गायक एका मंचावर आले. २०२१ च्या अल्बममधलं बारा मिनिटांचं 'स्कायफॉल' हान्सेनचं. पण हा पुरावा माझ्या बाजूचा आहे, राव! जो परत आला तो रिकाम्या हातांनी नाही आला. मधली पंचवीसेक वर्षं त्याने ती चाल दुसऱ्या नावाखाली सांभाळली, म्हणून तर ती परत आणता आली.

पटत नसेल तर 'वॉल्स ऑफ जेरिको', 'कीपर'चा दुसरा भाग आणि 'लँड ऑफ द फ्री' एका रविवारी ओळीने लावा. मुखपृष्ठं बघू नका, फक्त ऐका. आणि मग मला सांगा, घर कुठे बदललं ते.