गिझरचा कान

वणीत गिझर घ्यायला गेलं की दुकानदार रंग दाखवतो, गॅरंटीचं कार्ड दाखवतो, आतल्या टाकीला काचेचा मुलामा आहे हे टिचकी मारून ऐकवतो. पाणी किती अंशांवर तापून थांबेल, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. फारच खनपटीला बसलं तर उत्तर येतं, "कायले डोकं खाता साहेब? फुल्लवर ठेवून द्या ना!"

माझं भांडण आहे ते या 'फुल्ल'शी.

फुल्ल म्हणजे किती? काही गिझरांच्या पोटाशी एक कान असतो. त्याच्या एका अंगाला निळा ठिपका, दुसऱ्या अंगाला लाल. आकड्याचा पत्ता नाही. पुष्कळांना तर हा कानही नसतो. थर्मोस्टॅट खालच्या झाकणाच्या आत स्क्रूनं बंदिस्त. गंमत म्हणजे त्या आतल्या चकतीवर बहुधा अंशांचे आकडे व्यवस्थित छापलेले असतात. म्हणजे अंघोळ करणाऱ्याला ठिपके, आणि आकडे झुरळांना!

"आमच्या बंबाला कुठं होता थर्मोस्टॅट?" असं विचारणारे वडीलधारे प्रत्येक आळीत असतात. खरं आहे. बंबाला थर्मोस्टॅट नव्हता, आजी होती. मधल्या नळीत ढलप्या किती घालायच्या आणि कधी थांबायचं, हे तिच्या हाताला ठाऊक. शिवाय तोटीचं पाणी थेट अंगावर कुणी घेत नसे, घंगाळात विसण पडे. कोमट, ऊन, कढत, आधण असे टप्पे ज्या भाषेनं चुलीपाशी बसून पाडले, ती बोलणाऱ्यांनी दोन ठिपक्यांवर समाधान मानायचं?

आकडा दिसत नाही म्हणून मग घरोघरी गिझर घड्याळावर चालतो. वीस मिनिटं बटण चालू, मग बंद. जरा हिशेब करू या. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर पाणी मिनिटाला साधारण २ अंशांनी तापवतो. डिसेंबरात टाकीतलं पाणी १८ अंशांचं असेल, तर वीस मिनिटांत ५६-५७. झकास. पण ही वणी आहे! होळीच्या सुमारास संध्याकाळी गच्चीवरच्या काळ्या टाकीतूनच पाणी ३५ अंशांचं उतरलं, तर त्याच वीस मिनिटांत ते ७३ वर जातं, आणि थर्मोस्टॅट फुल्लवर असल्यामुळं मध्ये कुणी अडवत नाही. (त्या दिवसांत गिझर लावतो कोण, म्हणाल. सवय लावते.) ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. ७० ला एखादा सेकंद पुरे. नळाशी खेळणाऱ्या नातवाला आणि हात काढून घ्यायला वेळ लागणाऱ्या आजोबांना त्याहूनही कमी.

मग ठेवू या का ४० वर? तेही नको. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन भरलं आणि न्यूमोनियानं माणसं पटापट गेली. पुढच्या वर्षी गुन्हेगार जगाला कळला : लिजनेला नावाचा जंतू. याला साठवलेलं कोमट पाणी फार मानवतं. ६० अंशांना मात्र तो टिकत नाही. म्हणून टाकीत ६०, आणि बादलीत आधी विसण, मग गरम. उलटं नाही. पोरं बादलीत हात घालायला वाट बघत नाहीत.

शिवाय शेजारच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, म्हणजे आपल्या पायाखाली काय आहे ते सांगायला नको. ती चुनखडी बोअरच्या पाण्यातून गिझरात येते आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितकी कॉइलला बिलगते. चुन्याचा अंगरखा घातलेली कॉइल पाणी उशिरा तापवते. मग यजमान ओरडतात, "गिझर कमी पडून राहिला, पिळा कान!" अहो, कान पिळला की पळायला ती काय स्कूटर आहे? त्यानं पाणी लवकर तापत नाही, फक्त उशिरा थांबतं.

तेव्हा गिझर घेताना हट्ट धरा : आकडा बाहेर हवा, अंशांत हवा, आणि आपल्या हाताला लागेल असा हवा. थर्मोस्टॅटचे पॉइंट कधी चिकटलेच, तर वीज तोडणारा कटआउट वेगळा हवा. वाफेला वाट देणारा व्हॉल्व्हही हवा, आणि त्याच्या तोंडाला "टपकतं" म्हणून बूच मारू नका.

जुना गिझर असेल तर मेकॅनिकला बोलवा. मी बोलावला. त्यानं मेन स्विच पाडला, झाकण उघडलं, कान ७५ वरून ६० वर आणला, झाकण लावलं. "एवढ्याशा कामाचे तुमच्यापासून काय पैसे घ्यायचे, काका?" असं म्हणाला, आणि घेतले.