ढोल ऐकू येतो, नातीची हाक नाही

मामांना तोंडाचा कॅन्सर. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन चालू होतं आणि आमचा मुक्काम लालबागला पाहुण्यांच्या खोलीत. दुसऱ्या डोसनंतर मामी वैतागून म्हणायला लागली, "हे मुद्दाम ऐकत नाहीत." खाली ढोल वाजला की मान वळायची, शेजारी बसलेली नात हाका मारायची तेव्हा ढिम्म! आम्हालाही ते नाटकच वाटलं. मी पत्रकार, दिवसभर लोकांना प्रश्न विचारतो, पण डॉक्टरांना हा एक विचारला नाही.

सिस्प्लॅटिनमुळे कानाच्या आतल्या बारीक केसपेशी मरतात. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे पोराबाळांचं बोलणं आणि स, श, फ. ढोल राहतो. कानात रातकिडे ओरडतात ते वेगळंच. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

"आधी जीव, मग कान" हे मान्यच. पण आमच्या फाइलीत रक्ताचे रिपोर्ट ढीगभर आणि कानाच्या तपासणीचा कागद एकही नाही, हे कसं? पहिल्या डोसआधी एक ऑडिओग्राम आणि पुढे दर डोसआधी एक, तर उतार वेळेत दिसतो. मग डोस किंवा औषध बदलायचं का, हे डॉक्टर ठरवू शकतात. लालबागहून नायर फार लांब नाही, तिथं तर १९६६ पासून ऑडिओलॉजी शिकवतात. केमोच्या कागदावर ही तपासणी छापायला कुठला जीआर लागतो?

मामांना आता मशीन लागलंय. मामी मिक्सर बंद करते, समोर येऊन बसते, मग बोलते.