जड कूलरचा मोह, हलक्या कूलरचा हिशेब



आपल्या समाजातील अनेक घरांत आता दोन प्रकारचे संगणक नांदतात. एक पेढीचा, त्यावर टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि मालसाठ्याच्या नोंदी. दुसरा मुलामुलींचा, त्यावर व्हिडिओचे संपादन, अभियांत्रिकीची आरेखने आणि फावल्या वेळातील खेळ. हा दुसरा संगणक मुले सुटे भाग आणून स्वतः जुळवतात आणि एके दिवशी वडीलधाऱ्यांकडे मागणी येते, ‘प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा आहे, मोठा कूलर हवा.’ ही मागणी ऐकून गोंधळून जाण्याचे कारण नाही. तिच्यामागचे गणित व्यापाऱ्याला सहज उमजावे असे आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने काम करायला लावणे. बँकेच्या भाषेत ही ओव्हरड्राफ्टची उचल होय. काम वाढते, पण व्याज उष्णतेच्या रूपाने भरावे लागते. या व्याजाचा ढोबळ नियम असा, की उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, पूर्ण भारावर १२० वॅट उष्णता देणाऱ्या प्रोसेसरचा वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवले. आता उष्णता १.१ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.३३ पट, अर्थात १६० वॅटच्या घरात जाते. दहा टक्के लाभासाठी तेहतीस टक्के भुर्दंड! याउलट व्होल्टेज न वाढवता वेग ५ टक्केच वाढवला, तर उष्णता १२६ वॅटवर थांबते. तात्पर्य, वेग परवडतो. व्होल्टेज महाग पडते.

ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी मुलांची नजर प्रथम जाते ती सर्वांत मोठ्या कूलरकडे. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा नावाजलेला कूलर दोन पंख्यांसह १,३२० ग्रॅम भरतो. त्याची कार्यक्षमता निर्विवाद आहे. प्रश्न तो टांगायचा कुठे, हा आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड भिंतीसारखा उभा असतो आणि कूलर त्यावर, भिंतीला ठोकलेल्या फळीप्रमाणे, आडवा तोललेला राहतो. संगणक एका जागी स्थिर असेल तर उत्तम बैठकीचा जड कूलरही निभावून जातो. परंतु आपली मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत राहतात आणि सुट्टीत संगणक टेम्पोने किंवा मोटारीच्या डिकीतून घरी येतो. रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याचा हिसका त्या सव्वा किलोच्या तरफेतून मदरबोर्डला बसतो. बोर्ड वाकणे, सॉकेटला इजा होणे, स्क्रू ढिले पडणे हे त्याचे संभाव्य परिणाम. म्हणून प्रवास घडणाऱ्या संगणकासाठी साधारण पाऊण किलोच्या आतील कूलर पाहावा आणि तोही लांबच्या प्रवासाआधी काढून ठेवणे श्रेयस्कर.

येथे एक सवय मात्र बाजूला ठेवावी लागते. तांब्यापितळेच्या व्यापारात वजनालाच मोल असते; कूलरचे तसे नाही. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता अधिक चांगली वाहून नेते हे खरे, पण त्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक आहे. त्यामुळे चांगल्या कूलरमध्ये कामाची विभागणी केलेली असते. तळातून उष्णता उचलण्यासाठी तांब्याच्या पोकळ नळ्या, ज्यांना हीट पाइप म्हणतात. त्यांतील अल्पसा द्रव तळाशी वाफ होतो, वर जाऊन थंड होतो आणि पुन्हा परततो. ती उष्णता हवेत सोडण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा थर आणि त्यावर १२० मिलिमीटरचा एक पंखा. याच रचनेचा डीपकूलचा एके४०० हा ६६१ ग्रॅमचा, तर नॉक्टुआचा एनएच-यू१२एस ७५५ ग्रॅमचा आहे. मध्यम प्रतीच्या प्रोसेसरला असा एकपंखी कूलर पुरेसा होतो. इंटेलच्या आय९-१४९००के सारखा, कंपनीच्याच आकड्यांनुसार २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून हलक्या कूलरवर चालवण्याचा हट्ट मात्र धरू नये.

आपल्याकडील उन्हाळा हा या हिशेबातील महत्त्वाचा रकाना. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोहोंतील अंतर आटोक्यात ठेवतो. समजा, एखादा कूलर १२० वॅटला हे अंतर ५० अंश ठेवतो. मग २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत प्रोसेसर ७५ अंशांवर राहील, पण जळगाव, अकोला किंवा सोलापूरच्या मे महिन्यात, ३६ अंशांच्या खोलीत, तोच ८६ वर जाईल. आता व्होल्टेज चढवून १६० वॅट केले, तर अंतर सुमारे ६७ अंश होऊन तापमान १०३ च्या आसपास पोहोचू पाहील. इंटेलच्या या वर्गातील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. तेथे पोहोचताच ते स्वतःचा वेग घटवतात. म्हणजे उचल केली, व्याज भरले आणि लाभ शून्य. तेच १२६ वॅटवर राहिल्यास तापमान ८९ च्या आतच थांबते आणि हलका कूलर आपले काम चोख बजावतो.

खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर उंचीचा कूलर मावतो हे पाहावे; एके४०० ची उंची १५५, तर एनएच-डी१५ ची १६५ आहे. शेजारच्या रॅमला कूलर अडत नाही ना, याची खात्री करावी. बोर्डामागे धातूची पट्टी लावून स्क्रूने बसणारा कूलर निवडावा. प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर विसंबू नये. आणि कॅबिनेटच्या हवा घेणाऱ्या बाजूला बारीक जाळी असावी. तिने धूळ अडते, शिवाय पावसाळ्यात दिव्याकडे धावणारे सूक्ष्म कीटक पंख्यात सापडत नाहीत. सफाई संगणक बंद करून, मऊ कुंचल्याने, जयणापूर्वक करावी.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. पेढीचा संगणक ओव्हरक्लॉक करू नये. मर्यादेबाहेर ताणलेला प्रोसेसर कधी बंद पडतो, तर कधी न कळत चुकीची नोंद लिहून ठेवतो आणि दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा घातक आहे. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी प्रोसेसरच्या सर्वसाधारण वॉरंटीत धरली जात नाही.

परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरवायची आणि वस्तू त्या मर्यादेत बसवायची, असा क्रम आहे. येथेही क्रम तोच ठेवावा. मुलांना नकार देण्याऐवजी त्यांच्यासोबत बसून प्रथम व्होल्टेजची मर्यादा ठरवावी, त्यातून निघणारे वॅट कागदावर मांडावेत आणि त्या आकड्याला पुरेल तेवढाच कूलर आणावा. बहुतेक घरांत तो पाऊण किलोच्या आतलाच निघेल.