पंचेचाळिशीत पीएचडी, आणि तीही सायबरची!

पीएचडीला नाव नोंदवल्याचं मध्ये इथे टाकलं, तेव्हा अभिनंदनापेक्षा प्रश्नच जास्त आले. "या वयात कशाला?" हा त्यातला सभ्य.

माझा बायोडेटा म्हणजे भेळ आहे. आधी सायबर कॅफे, मग कॉम्प्युटर दुरुस्ती, नऊ वर्षं एका नागरी सहकारी बँकेत, नोकरी सांभाळून एमसीए, आता सिक्युरिटी ऑडिट. प्रवेशाच्या मुलाखतीत एका सरांनी "तुमचा नेमका फोकस कुठंय?" असं विचारलंही.

माझं म्हणणं, या विषयाला अशीच माणसं लागतात. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. क्लोन केलेल्या कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघत होत्या आणि मंजुरी देत होती चोरट्यांनी मधे घुसवलेली बनावट स्विच यंत्रणा. त्यावर तांत्रिक अभ्यास व्हायलाच हवा. पण छोट्या बँकेत, पतसंस्थेत रोज काय चालतं ते कुणी लिहायचं? नियम मेकर-चेकरचा: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. प्रत्यक्षात साहेब वसुलीला गेलेले, काउंटरवर रांग, आणि साहेबांचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला. क्लार्क आळशी असतो म्हणून हे होत नाही. दोघांचं काम एकावर टाकलं की होतं. आणि उद्या पैसे गेले की सस्पेंड होणार तोच! माझा विषय हाच आहे.

अर्थात, अनुभव म्हणजे संशोधन नव्हे. "मी बघितलंय" हा पुरावा होत नाही, हे गाइड मॅडमनी पहिल्याच भेटीत सुनावलं. बरोबरच आहे त्यांचं.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पार्ट टाइम पीएचडीला जागा आहे. मुदत किमान 3 वर्षं, कमाल 6. मग अडतं कुठं? एक तर नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत पत्र लागतं. खासगी कंपनीत एचआरला ते काय असतं इथपासून समजवावं लागतं. माझे चार महिने त्यात गेले. दुसरं, पैसा. महिना 37,000 रुपयांची जेआरएफ आहे, पण खुल्या गटाला वयोमर्यादा 30. त्या वयात मी लोकांचे सीपीयू उघडत होतो. जेआरएफ तरुणांनाच मिळू दे, त्यांना गरज आहे. पण दहा वर्षं प्रत्यक्ष काम केलेल्यांसाठी राज्य सरकारने थोड्या फेलोशिप काढायला काय हरकत आहे? निदान कोर्सवर्कचे तास तरी शनिवार-रविवारी ठेवा की!

असो. तुमच्यापैकी कुणी पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत काउंटरवर असाल आणि बोलायची तयारी असेल, तर मेसेज करा. तुमचं नाव, शाखेचं नाव कुठंही येणार नाही. फक्त पासवर्ड सांगू नका.