उमेदवार रुमालाखाली ठरतो



मोंढ्यात पूर्वी हत्ता चालायचा, तो आपल्यातल्या पिकल्या केसांच्या माणसांना आठवत असेल. आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकायचे, खाली बोटे दाबायचे आणि भाव ठरायचा. माल आपला, पोती आपली, उन्हात उभे आपण. पण किती बोटे दाबली गेली ते पट्टी हातात पडल्यावरच कळायचे. ती पद्धत कायद्याने बंद झाली, लिलाव उघड्यावर आला. आमदारकीची उमेदवारी मात्र अजून रुमालाखालीच ठरते.

आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या जागा चार: उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा. एकेका जागेवर तीन लाखांवर मतदार. या तीन लाखांसमोर मतदानयंत्रावर कोणाचे नाव यायचे, हे किती माणसे ठरवतात? एका खोलीत मावतील एवढी. कधी मुंबईत, कधी दिल्लीत, आणि कधी तर अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या ठोक्याला पोचलेला एबी फॉर्म ठरवतो. आपण मत देतो ते त्यांनी निवडलेल्यांतून निवडण्यासाठी. म्हणजे वाण त्यांनी ठरवायचे, पिशवी त्यांनी शिवायची आणि आपण फक्त पेरायचे. उगवले नाही तर दोष जमिनीचा!

२०२४ चा एप्रिल आठवा. लोकसभेची आपली जागा महायुतीत अजित पवारांच्या राष्ट्रवादीला सुटली. तुळजापूरचे भाजपचे आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी अर्चनाताई यांनी राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि उमेदवारी त्यांनाच जाहीर झाली. जागा आधी सुटली, पक्षप्रवेश मागून झाला. राणाजगजितसिंह स्वतः २०१४ साली उस्मानाबादेतून राष्ट्रवादीचे आमदार होते, २०१९ साली तुळजापुरातून भाजपचे. २०२२ साली शिवसेना फुटली, तेव्हा परंड्याचे तानाजी सावंत आणि उमरग्याचे ज्ञानराज चौगुले शिंद्यांकडे गेले. उस्मानाबादचे कैलास पाटील ठाकऱ्यांकडे राहिले. कोण बरोबर आणि कोण चूक, हा वाद चावडीवर खूप झाला, आम्हाला त्यात पडायचे नाही. आमचे विचारणे एवढेच, की यातल्या एका तरी वळणावर कापूसवाल्याला, ज्वारीवाल्याला कोणी विचारले का?

मतदार झोपलेला नाही, हे आम्हीही जाणतो. त्या लोकसभेला ओमराजे निंबाळकर तीन लाखांवर मताधिक्याने निवडून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात उमरग्यात चौगुले पडले. परंड्यात निकाल दीड हजाराच्या आसपास मतांवर लागला. दीड हजार म्हणजे दोन-तीन गावे! एवढी ताकद आपल्या बोटात आहे, पण ती वापरायला मिळते ती शेवटच्या दिवशी. पाडायचे कोणाला ते आपण ठरवतो; उभे कोणाला करायचे ते नाही.

आमचाच अनुभव सांगतो. इच्छुकांच्या दारात आम्ही गेलो आहोत, एकदा नाही, दर निवडणुकीला. पांढऱ्या ज्वारीच्या सरकारी खरेदीचे काय, कृष्णेच्या पाण्याचे काय, पीकविम्याचे काय, लेखी द्या म्हटले. इच्छुक म्हणाले, “आधी तिकीट तर मिळू द्या, दादा.” तिकीट मिळाल्यावर गेलो, तर “वरिष्ठांशी बोलून सांगतो.” निवडून आल्यावर गेलो, तर “पक्षाची जी भूमिका, तीच माझी.” तिन्ही वेळा चहा मात्र पाजला.

त्यात त्या माणसाचाही फार दोष नाही, हे समजून घेतले पाहिजे. ज्याने तिकीट दिले, त्याचेच तो ऐकणार. वरून १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाने व्हिप काढला की आमदाराला हात वर करावाच लागतो, नाहीतर आमदारकी जाते. कळपच्या कळप इकडून तिकडे गेला तर त्याला वाट सापडते. एकट्याने उठून शेतकऱ्याच्या बाजूने मत टाकले तर मात्र अपात्र! तेव्हा आमदार झाल्यावर त्याचा शर्ट धरून उपयोग नाही. दावे बांधायचे ते तिकिटाच्या आधी.

कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाचे पाणी घ्या. २३.६६ टीएमसी हा आपला हिशेब, पहिल्या टप्प्यात सात टीएमसी ही सरकारची कबुली. किती निवडणुका या आकड्यांवर लढल्या गेल्या! २०२० च्या खरिपाच्या विम्यासाठी याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, बोंडे फुटायच्या तोंडावर, दिल्लीने कापसाच्या आयातीवरचे अकरा टक्के शुल्क उठवले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेर वाढवली. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर होता. आयात शुल्क आमदाराच्या हातात नाही, खरे आहे. पण सत्तेतल्या आमदाराने सभागृहात उठून ‘हे चूक आहे’ एवढे म्हणायला काय लागते? लागते एकच: पुढच्या तिकिटाची भीती नसणे. याच जिल्ह्याने भाई उद्धवराव पाटलांसारखा शेकापचा माणूस विधानसभेत विरोधी पक्षनेता म्हणून पाहिला आहे, म्हणून हे विचारायचा आम्हाला हक्क आहे.

अमेरिकेत यावर एक उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायलाच आधी एक निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. (आपल्याकडे प्रायमरी म्हटले की गळकी शाळाच आठवते, ते सोडा.) आपल्या शेजारी लातुरात २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने हा प्रयोग केला. देशातल्या मोजक्या जागा निवडल्या, त्यात आपल्या राज्यातून लातूर आणि वर्धा. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्यात सागर मेघे. पुढे दोघेही पडले. लातुरात सुनील गायकवाड अडीच लाखांच्या आसपास फरकाने जिंकले. लगेच शहाण्यांनी निकाल दिला, की ही थेरे आपल्याकडे चालायची नाहीत. आम्ही म्हणतो, मोदींच्या त्या लाटेत तिकीट कसेही ठरले असते तरी वेगळे काय होणार होते? खोट दुसरीकडे होती. मतदान करायचे होते ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी. म्हणजे रुमाल उचलला, पण भोवती उभे पुन्हा आडतेच! शेतकरी आवाराच्या बाहेर.

शेतकऱ्यांनी ही प्रायमरी कशी वापरली, हे पाहायचे तर नॉर्थ डकोटाकडे पाहा. आपल्यासारखाच कमी पावसाचा मुलूख, गहू पिकवणारा. गव्हाची प्रत ठरवायची मिनिआपोलिसच्या गिरणीवाल्यांनी, कर्जाचा दर ठरवायचा बाहेरच्या सावकारांनी. १९१५ साली आर्थर टाउनली नावाच्या, शेतीत बुडालेल्या माणसाने फोर्ड गाड्या घेऊन शेतोशेती माणसे फिरवली आणि ‘नॉनपार्टिझन लीग’ उभी केली. वेगळा पक्ष काढला नाही. शेतकऱ्यांनी गावोगाव आपल्या बैठका घेतल्या, प्रतिनिधी निवडले, त्या प्रतिनिधींनी उमेदवार ठरवले आणि रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत ते उभे केले. १९१६ साली लिन फ्रेझर हा शेतकरी, जो उमेदवारी मागायलाही आला नव्हता, आधी प्रायमरी आणि मग गव्हर्नरची निवडणूक जिंकला. १९१९ साली तिथल्या विधिमंडळाने सरकारी बँक, सरकारी पिठाची गिरणी आणि गारपिटीचा सरकारी विमा यांचे कायदे केले. ती बँक आणि ती गिरणी आजही चालू आहेत. सगळे गोड नव्हते. आपसांत भांडणे झाली आणि १९२१ साली फ्रेझरला लोकांनीच मुदतीआधी परत बोलावले. पण ‘पक्षाच्या तिकिटात आपण काय करणार’ म्हणून ते शेतकरी घरी बसले नाहीत, ही गोष्ट खोटी ठरत नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही. पक्षाने उमेदवार कसा निवडावा, याबद्दल आपला निवडणूक कायदा गप्प आहे. मग कायद्याची वाट पाहायची का? आमचे म्हणणे, नाही. २०२९ च्या विधानसभेच्या सहा महिने आधी चारही मतदारसंघांत आपणच मतदान घ्यायचे. ज्याला आमदार व्हायचे आहे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याने आपल्या मेळाव्यात यायचे, प्रश्नांना लेखी उत्तर द्यायचे आणि पेटीला सामोरे जायचे. आकडे चावडीवर लावायचे. मग पक्षाने दुसऱ्याला तिकीट द्यायचे तर खुशाल द्यावे; कोणाला डावलून दिले ते तीन लाखांना माहीत असेल.

आपल्यातलेच काही म्हणतात, हा राजकारणाचा चिखल आहे, चळवळीने त्यात पाय घालू नये. चिखल आहेच. पण आपण बाजूला राहिलो म्हणून तो आटला का? दुसरी भीती खरी आहे: पैसेवाला इच्छुक जीपा भरून माणसे आणील आणि आपली पेटीही विकत घेईल. म्हणून मतदारयादी आपण करायची, गाववार, आणि मेळाव्याच्या दोन महिने आधी ती बंद करायची.

यादीत कोण, यावर मागच्या बैठकीत आवाज चढले. कोणी म्हणाले, ज्याच्या नावावर सातबारा, त्यालाच मत. आम्हाला ते मान्य नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर असतो, पण खुरपायला, वेचायला, कणसे खुडायला बाई असते. बटईने करणारा असतो. त्यांना वगळले तर आपणही लातूरच्या पदाधिकाऱ्यांसारखेच झालो. जिल्हा बैठकीत हा ठराव पहिला घेऊ. प्रत्येक गावाने आपली कच्ची यादी, बायकांच्या नावांसकट, बरोबर आणावी.