दोन रिंगांमधील अंतर

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला आणि तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. दैवाला बोल लावून हा प्रश्न मिटविणे आम्हांस मान्य नाही. पडलेल्या अनेक खांबांत आडव्या रिंगा विरळ व त्यांची टोके केवळ काटकोनात वळविलेली आढळली. वास्तविक खांब-तुळईच्या सांध्यालगत रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटरहून अधिक नसावे, टोके १३५ अंशांत आत वळवावीत, असे भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक १९९३ पासूनच सांगत होते. दाट रिंगांमुळे फुटू पाहणारे काँक्रीट आत कोंडून राहते व उभ्या सळ्या बाहेर वाकत नाहीत. काटकोनी टोके मात्र हादऱ्यांनी उघडतात.

काँक्रीट ओतले की हे सारे कायमचे झाकले जाते. घर घेणारा गृहस्थ फरशीचा रंग पाहतो. त्यास दुसरे दाखवितो तरी कोण? म्हणून आपल्या महापालिकेकडे आमची मागणी आहे की, काँक्रीट ओतण्यापूर्वी जबाबदार अभियंत्याने हे अंतर स्वतः मोजून नोंदवावे आणि त्या नोंदीची स्वाक्षरीसह प्रत प्रत्येक सदनिकाधारकास मिळावी.